बेटांवरचे उंदीर शंभर टक्के संपवतात, ते नेमकं कसं?

बांधावरचा

माँट्रियलला डिसेंबर २०२२ मध्ये जो जागतिक जैवविविधता आराखडा ठरला, त्यातल्या २३ उद्दिष्टांपैकी ३० टक्के जमीन आणि समुद्र राखण्याचीच चर्चा सगळीकडे होते. मला सहाव्या उद्दिष्टाबद्दल विचारायचं आहे. परक्या आक्रमक प्रजाती येऊन स्थिरावण्याचं प्रमाण २०३० पर्यंत निदान निम्म्यावर आणायचं आणि बेटांसारख्या मोक्याच्या जागी त्या मुळापासून काढायच्या किंवा आटोक्यात ठेवायच्या, असं त्यात आहे. बेटांच्या बाबतीत याचा अर्थ बहुतेक ठिकाणी उंदीरच निघतो.

आता आपल्याकडे ज्याने शेतात झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवलं आहे त्याला माहीत आहे, की आठ-पंधरा दिवस बिळं शांत असतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. मग दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जियावर, जिथे उंदरांचा वावर असलेला टापूच एक लाख हेक्टरच्या घरात होता, एकही उंदीर उरला नाही हे जमलं कसं? विष कोणतं, किती, कशाने टाकतात? कुठे फसलं आणि का? उंदीर संपले हे कशावरून ठरवतात? आणि एवढा खर्च करून पुढे फरक काय पडतो? वर्तमानपत्री माहिती नको, कामाचा तपशील हवा.

---

साळुंकी

शेतात आपण करतो ते नियंत्रण. नव्वद टक्के उंदीर मेले की पीक हाती लागतं, विषय संपला. बेटावर ९९.९ टक्के मेले तरी मोहीम फसली असंच धरतात. तपकिरी उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेतात सात-आठ पिल्लं होतात आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला तयार. गाभण मादी एक उरली तरी पुरते. त्यामुळे सगळी आखणी सरासरी उंदरासाठी नसते, शेवटच्या उंदरासाठी असते.

अटी तीन. बेटावरच्या प्रत्येक उंदराच्या वावरात आमिष पोचलं पाहिजे. मरण्याचा वेग जन्माच्या वेगापेक्षा जास्त हवा. आणि बाहेरून नवा उंदीर येता कामा नये. तिसरी अट शेतात कधीच पुरी होत नाही, कारण शेजारच्या बांधावरून ते येणारच. बेटाला समुद्राचं कुंपण आहे म्हणून तिथे हे मुळात शक्य होतं.

विषाची निवड पहिल्या अटीतून येते. उंदीर नवं खाणं आधी चाखून बघतो. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लात मिसळलं की फॉस्फीन वायू तयार होतो आणि काही तासांत त्रास सुरू होतो. थोडं खाऊन वाचलेला उंदीर त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणूनच दोन-तीन दिवस आधी तेल लावलेला बिनविषारी भरडा ठेवायचा आणि मग दोन टक्के विष मिसळायचं, अशी आपल्याकडची शिफारस असते. बेटावर ब्रोडिफॅकम वापरतात. हे व्हिटॅमिन के चं काम अडवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. एकदा पोटभर खाल्लं तरी पुरेशी मात्रा जाते, पण मरायला साधारण तीन ते दहा दिवस लागतात, त्यामुळे खाणं आणि दुखणं यांचा संबंध उंदराला लागत नाही. मात्रा २० ते २५ पीपीएम. म्हणजे झिंक फॉस्फाईडच्या आमिषात किलोमागे २० ग्रॅम विष असतं, इथे २० ते २५ मिलिग्रॅम.

गोळ्या धान्याच्या पिठाच्या, दाबून केलेल्या, साधारण दोन ग्रॅमच्या. रंग हिरवा किंवा निळा, कारण पक्षी या रंगांकडे कमी वळतात.

टाकायची पद्धत: हेलिकॉप्टरखाली दोराने टांगलेली मोठी बादली, तिच्या तळाशी फिरती चकती. एका फेरीत साधारण ६० ते ८० मीटर रुंदीचा पट्टा पडतो. वैमानिक जीपीएसवरच्या रेषेवरून उडतो आणि पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवतो. चकतीतून मधे जास्त आणि कडेला विरळ गोळ्या पडतात, ती कसर यातून भरून निघते. किनाऱ्याची फेरी वेगळी, कारण तपकिरी उंदरांची दाटी तिथेच असते. कड्यांवर पुन्हा वेगळी. इथे नवखे लोक हमखास चुकतात. नकाशावर एक हेक्टर दिसणारा उभा कडा प्रत्यक्षात दोन-तीन हेक्टर असू शकतो. नकाशाच्या क्षेत्रफळाने हिशेब केला तर नेमक्या अवघड जागी आमिष विरळ पडतं. दर दिवसाअखेर उड्डाणाच्या रेषा नकाशावर चढवून पाहतात आणि कुठे फट दिसली तर दुसऱ्या दिवशी ती भरतात. घरं, गुदामं, पडके कारखाने, गुहा यांत माणसं हाताने आमिष ठेवतात. साउथ जॉर्जियावर देवमासे कापायचे जुने गंजके कारखाने होते, तिथलं काम असंच झालं.

वेळ हिवाळ्याची. तेव्हा खाणं कमी, उंदीर भुकेले, वीण जवळपास थांबलेली, आणि बरेच समुद्रपक्षी बेट सोडून गेलेले. बहुतेक मोहिमांत दुसरी फेरी दोन-तीन आठवड्यांनी करतात. पहिल्या फेरीच्या वेळी बिळात डोळे न उघडलेली पिल्लं असतील तर ती बाहेर पडेपर्यंत पहिल्या गोळ्या पावसाने विरघळलेल्या असतात.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून: न्यूझीलंडच्या कॅम्पबेल बेटावर २००१ मध्ये ११,३०० हेक्टरवर १२० टन गोळ्या टाकल्या. हेक्टरी साडेदहा किलोच्या आसपास.

---

खाजणवाट

वरचं सगळं बरोबर आहे, पण ते थंड बेटांचं गणित आहे. उष्ण कटिबंधात तेच पाठ करून गेलात तर फसलात.

तिथे पहिला शत्रू खेकडा. जमिनीवरचे खेकडे आणि शंखातले खेकडे रात्रभर गोळ्या खातात आणि त्यांना काही होत नाही, कारण त्यांच्या रक्ताची गोठण्याची यंत्रणाच वेगळी. उंदराच्या वाट्याला काही उरत नाही. प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा या प्रवाळबेटावर आमिषपेट्या ठेवून केलेला आधीचा प्रयत्न फसला होता. २०११ मध्ये तिथे हेलिकॉप्टरने हेक्टरी ८० किलोच्या आसपास गोळ्या टाकल्या, आणि त्याही दोनदा. कॅम्पबेलशी तुलना करा. शिवाय तिथला काळा उंदीर नारळाच्या शेंड्यात राहतो, खाली उतरायची त्याला गरजच नसते. म्हणून झाडांच्या शेंड्यांतही गोळ्यांच्या पुरचुंड्या टाकल्या. तेव्हा कुठे जमलं.

दुसरा शत्रू म्हणजे बारमाही खाणं आणि बारमाही वीण. हिवाळा नाही, म्हणजे सगळे उंदीर एकाच वेळी भुकेले असतील असा महिना नाही. हेंडरसन हे पिटकेर्न समूहातलं बेट, ऑगस्ट २०११ मध्ये तिथे ७५ टन गोळ्या पडल्या. उंदीर उरले. नंतर डीएनए तपासला तेव्हा कळलं की ते बाहेरून आलेले नव्हते, जुन्यांतलेच होते, आणि वाचलेल्यांचा अंदाज शंभराच्याही आतला निघाला. हजारोंपैकी एवढेच वाचले आणि थोड्या वर्षांत बेट पुन्हा भरलं. त्या वेळी झाडांवर फळांची रेलचेल होती आणि उंदरांची वीणही चालू होती, यावर सर्वांत जास्त संशय आहे. वेक बेटावर २०१२ मध्ये दोन जातींचे उंदीर होते, त्यातली आशियाई जात संपली आणि पॉलिनेशियन जात टिकली. सगळ्या जातींना एकच हिशेब लावून चालत नाही तो असा.

लहान घरउंदीर (आपण ज्याला चिचुंद्रीइतकं क्षुल्लक समजतो तो) मोठ्या उंदरापेक्षा जास्त छळतो. मोठा उंदीर रोज पन्नास-शंभर मीटर सहज हिंडतो. हा काही मीटरच्या वर्तुळात आयुष्य काढू शकतो. म्हणजे पंधरा मीटरची फट राहिली तरी तिच्यात एखादं कुटुंब सुखाने नांदेल. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर हे उंदीर ट्रिस्टन अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जिवंत पिल्लं कुरतडून खातात. पिल्लू उंदरापेक्षा कित्येक पटींनी मोठं असतं, पण त्याला जमिनीवरच्या शत्रूची ओळखच नाही, ते बसून राहतं. २०२१ च्या हिवाळ्यात तिथे गोळ्या टाकल्या. डिसेंबरमध्ये कॅमेऱ्यात उंदीर दिसला. तिथे परक्या गोगलगायींनी (शंख नसलेल्या) आमिष फस्त केलं असावं, असा संशय आहे. हे आधी हेरणं अवघड नव्हतं, असं माझं मत. बिनविषारी गोळ्या टाकून त्या किती रात्री टिकतात हे मोजतात ना, ती चाचणी ज्या महिन्यात मोहीम करायची त्याच महिन्यात आणि बेटाच्या सगळ्या उंचीवर व्हायला हवी.

---

बांधावरचा

भारी माहिती. आता नाजूक प्रश्न. गोळ्या पक्ष्यांनी नाही खाल्ल्या तरी मेलेले उंदीर कुणीतरी खाणारच. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने आपली गिधाडं कशी संपली ते आपण पाहिलंय. इथे वेगळं काय होतं?

---

पाणघार

पक्षी मरतात. जे लोक मरत नाहीत म्हणतात ते खरं सांगत नाहीत.

ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर (१२,८०० हेक्टर, ससे, काळे उंदीर आणि घरउंदीर तिन्ही) २०१० मध्ये काम सुरू केलं आणि हवामानाने ते अर्ध्यात सोडावं लागलं. टाकलेल्या थोड्याशा आमिषाने शेकडो पक्षी मेले. जायंट पेट्रेल, स्कुआ, समुद्री कुरव आणि बदकं. यात मेलेल्या सशांचं मांस खाऊन मेलेले बरेच. २०११ मध्ये पुन्हा जाण्याआधी सशांमध्ये कॅलिसी विषाणू सोडला. त्याने बरेच ससे आधीच मेले, त्यामुळे विषारी मढी कमी पडली. शिवाय माणसं लावून मढी गोळा केली, पुरली. तरी दोन्ही वर्षांची बेरीज दोन हजारांवर गेली. २०१४ मध्ये बेट मुक्त जाहीर झालं.

डायक्लोफिनॅकशी फरक हा, की ते औषध वर्षानुवर्षं देशभरच्या गुरांमधून गिधाडांच्या पोटात जात राहिलं. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी येईपर्यंत आणि चोरून त्यानंतरही. इथे एकदाच, एका हिवाळ्यात. ज्या जातीची काही हजार माणसं, माफ करा, काही हजार पक्षी इतर बेटांवरही आहेत, तिची संख्या काही वर्षांत भरून येते. ज्या जातीचं जगात ते एकच बेट आहे तिच्यासाठी हा जुगार खेळत नाहीत. तिचे पक्षी आधी पकडून पिंजऱ्यात ठेवतात. गॉफवर तिथली पाणकोंबडी आणि तिथला भारीट, हेंडरसनवर तिथली न उडणारी पाणकोंबडी, लॉर्ड हाववर वुडहेन. कॅलिफोर्नियाजवळच्या अॅनाकापावर प्रश्न आणखी वाकडा होता, कारण तिथे हटवायचे होते काळे उंदीर आणि वाचवायचा होता स्थानिक हरिणउंदीर. गोळीला दोन्ही सारखेच. म्हणून २००१ ला एक खडक आणि २००२ ला उरलेले, असं दोन हप्त्यांत काम केलं, स्थानिक उंदीर पकडून ठेवले आणि नंतर सोडले.

पिंजऱ्यातून सोडायची घाई करू नये. ब्रोडिफॅकम यकृतात महिनोन्महिने राहतं. जमिनीवरच्या गोळ्या विरघळल्या म्हणजे धोका संपला असं नाही, किडे आणि मढ्यांमधून ते फिरत असतं. व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे, पण तो मोहिमेतल्या माणसांसाठी आणि कुत्र्यांसाठी. रानातल्या पक्ष्याला रोज कोण पाजणार?

---

तिरकी रेघ

हे वाचून मला तरी वाटतं की हा श्रीमंत देशांचा छंद आहे. साउथ जॉर्जियाला एक कोटी पौंडांच्या आसपास गेले, मॅक्वारीला अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. गॉफवर तर पैसेही गेले आणि उंदीरही राहिले. जैवविविधता वाचवायची तर जंगलतोड थांबवा ना.

---

साळुंकी

जंगलतोड थांबवाच. पण हिशेब हेक्टरमागे करून बघा. साउथ जॉर्जियाला हेक्टरी शंभर पौंड, तेही एकदाच, आणि बरेचसे देणगीतून. शिवाय बेटं म्हणजे जगाच्या जमिनीचा जेमतेम वीसावा भाग, पण १५०० सालापासून नष्ट झालेल्या प्रजातींपैकी सुमारे ६० टक्के बेटांवरच्या आहेत. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार नोंदल्या गेलेल्या जागतिक विलोपांपैकी ६० टक्क्यांत आक्रमक प्रजातींचा हात आहे. थोड्या जागेत मोठा घात झालेला असल्याने थोड्या जागेत काम करून फायदाही मोठा होतो. आणि अपयशाबद्दल: गेल्या शतकभरात जवळपास एक हजार बेटांवर दीड हजारांवर प्रयत्न झाले, त्यात यशाचं प्रमाण ८८ टक्के भरतं. संवर्धनाच्या दुसऱ्या कुठल्या उपायाचा एवढा निकाल असेल तर सांगा.

हे कुठून सुरू झालं तेही यात आहे. १९६४ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या बिग साउथ केप बेटावर काळे उंदीर पोचल्याचं लक्षात आलं. उंदीर पक्षी संपवतात यावर तेव्हा कित्येक शास्त्रज्ञांचा विश्वासच नव्हता. डॉन मर्टन आणि सहकाऱ्यांनी तिथले सॅडलबॅक जातीचे ३६ पक्षी उचलून दोन बेटांवर नेले, म्हणून ती उपजात आज आहे. त्याच बेटावरचा पाणलावा, झुडपांतला रेन हा चिमुकला पक्षी आणि एक मोठं वटवाघूळ मात्र कायमचे गेले. पुढे १९८८ मध्ये १७० हेक्टरच्या ब्रेकसी बेटावर पायवाटा पाडून, आमिषपेट्या मांडून उंदीर संपवले, तोवर एवढं मोठं बेट साफ करणं अशक्यच मानत. तिथून तेरा वर्षांत कॅम्पबेल.

---

खाजणवाट

तिरकी रेघ यांच्या शंकेत एक मुद्दा मात्र खरा आहे. घाईने किंवा चुकीच्या क्रमाने केलं तर उलटं होतं. मॅक्वारीवरचंच बघा. तिथे २००० सालापर्यंत रानमांजरं संपवली, पक्ष्यांना वाचवायला. त्याच सुमारास सशांमधली मिक्सोमॅटोसिसची साथ ओसरत होती. मांजर नाही, रोग नाही, मग ससे इतके माजले की उतारच्या उतार बोडके झाले, दरडी कोसळून पेंग्विन मेले. मग तिन्ही प्राणी एकदम काढायची महागडी मोहीम करावी लागली. न्यूझीलंडच्या हाउटुरू बेटावरही १९८० मध्ये मांजरं काढली आणि तिथल्या कुक्स पेट्रेल या समुद्रपक्ष्याची पिल्लं वाचायचं प्रमाण उलट घटलं, कारण मांजरांनी दाबून ठेवलेले उंदीर मोकाट झाले. २००४ मध्ये उंदीर काढल्यावरच ते सुधारलं.

उंदरांआधी दुसरा प्राणी काढायची गरज कधी पडते तेही सांगतो. साउथ जॉर्जियावर नॉर्वेच्या देवमासे मारणाऱ्यांनी सोडलेली रेनडिअर होती, सहा हजारांवर. ती गोळ्या खाऊन टाकतील म्हणून आधी ती काढली, कळप हाकायला उत्तर युरोपातले सामी गुराखी बोलावले. आणि एकूण मोहिमेला घाई होती ती हिमनद्यांमुळे. हिमनद्या समुद्राला टेकलेल्या असल्याने बेटाचे वेगवेगळे कप्पे झाले होते, एका कप्प्यातला उंदीर दुसऱ्यात जाऊ शकत नव्हता. म्हणून २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन हंगामांत काम वाटून घेता आलं. हिमनद्या मागे हटत आहेत. किनारा मोकळा झाला असता तर सगळं बेट एकाच हंगामात करावं लागलं असतं, आणि तेवढी हेलिकॉप्टरं आणि तेवढं चांगलं हवामान कुणाकडेच नाही.

---

भरतीची खूण

माणसं राहतात त्या बेटांवर काय, हे कुणी लिहिलं नाही. तिथे विषापेक्षा बैठकाच जास्त.

ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाव, साधारण साडेतीनशे वस्ती, पर्यटन. १९१८ मध्ये एक जहाज किनाऱ्यावर अडकलं आणि काळे उंदीर उतरले. काही वर्षांत पक्ष्यांच्या पाच स्थानिक जाती आणि उपजाती गेल्या. २०१९ मध्ये मोहीम झाली. डोंगरावर हेलिकॉप्टर, पण वस्तीत आणि कुरणांत हाताने ठेवलेल्या हजारो आमिषपेट्या, घराघरांत, तळघरांत, माळ्यांवर. प्रत्येक घराचा मालक हो म्हणायला हवा. एक दार बंद राहिलं तरी आधीच्या प्रतिसादात सांगितलेली फट तयार. २०१५ मध्ये गावाचं मत घेतलं तेव्हा होकार निम्म्याहून जेमतेमच जास्त होता. मुलांचं काय, पावसाचं पिण्याचं पाणी टाक्यांत साठवतो त्याचं काय, गुरांचं काय, हे प्रश्न रास्त होते. कोंबड्या आणि गुरं आधीच हलवली किंवा काढली, पाण्याचे नमुने तपासत राहिले.

वर्षं या वाटाघाटीत गेली, त्याला पर्याय नव्हता. लोक कंटाळून हो म्हणाले तर पेट्या उघडून बघायला येणाऱ्याला दार उघडत नाहीत.

निकाल: २०२१ मध्ये दोन उंदीर सापडले, लगेच त्या भागात पुन्हा पेट्या आणि कुत्री लावली. वुडहेन मोहिमेआधी दोनशेच्या आगेमागे होत्या, आता हजाराच्या पुढे गेल्या.

---

पाणघार

उंदीर संपले हे कसं ठरवतात, हा मूळ प्रश्न राहिला होता. लगेच ठरवत नाहीत. किमान दोन वीण-हंगाम, बहुधा दोन वर्षं थांबतात. चार-पाच उंदीर शोधून सापडत नाहीत. त्यांची संख्या सापडण्याइतकी वाढू द्यायची आणि मग शोधायचं.

साधनं साधी. शेंगदाण्याच्या लोण्याने भरलेली पन्हळी प्लास्टिकची चावपट्टी, मेणाचे ठोकळे, आत शाईची पट्टी आणि कागद घातलेली बोगद्यासारखी खोकी (पायाचे ठसे उमटतात), स्वयंचलित कॅमेरे, आणि सर्वांत भरवशाची म्हणजे उंदराच्या वासावर तयार केलेली कुत्री. साउथ जॉर्जियावर २०१७-१८ मध्ये तीन कुत्री आणि त्यांचे हाताळणारे महिनोन्महिने किनारे चालले, मे २०१८ मध्ये बेट मुक्त जाहीर झालं. चावपट्टीचा अर्थ लावायला दातांचे ठसे ओळखता आले पाहिजेत. खेकड्याने कुरतडलेली पट्टी पाहून धावपळ करणारे पुष्कळ असतात.

त्यानंतरची चौकी कायमची. तपकिरी उंदीर एक-दोन किलोमीटर पोहू शकतो. न्यूझीलंडमध्ये संशोधकांनी मुद्दाम एक नर, गळ्यात रेडिओ बांधून, उंदीर नसलेल्या बेटावर सोडला. दहा आठवडे तो सापळे, आमिष, कुत्री सगळ्यांना चुकवत राहिला आणि शेवटी ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला. एकटा उंदीर पकडणं बेटभर उंदीर मारण्यापेक्षा अवघड, हे त्यातून कळलं. त्यामुळे सगळा भर जहाजावर. माल उंदीर न शिरणाऱ्या बंद खोलीत उघडायचा आणि पुन्हा भरायचा, दोरांवरून उंदीर चढू नये म्हणून त्यांवर उंदीरचकत्या, होडीवर कायम आमिषपेट्या, रात्री धक्क्याला न बांधता नांगर टाकून उभं राहणं. पैसा देणाऱ्यांना हा भाग रंजक वाटत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात कात्री पहिली इथे लागते.

---

साळुंकी

"फरक काय पडतो" याला उत्तर. कॅम्पबेलवर उंदरांमुळे तिथला पाणलावा फक्त शेजारच्या चिमुकल्या खडकावर उरला होता, तो १९९७ मध्ये सापडला. उंदीर गेल्यावर तो स्वतःच उडून मोठ्या बेटावर परतला, कुणी सोडला नाही. साउथ जॉर्जियावर तिथला एकमेव गाणारा पक्षी, पिपिट, पुन्हा मुख्य किनाऱ्यावर घरटी करतोय.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते समुद्रातलं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर उंदीर असलेली आणि नसलेली बेटं शेजारी शेजारी आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी ७६० पट निघाली. पक्षी खोल समुद्रात मासे खातात आणि बेटावर शिटतात, ते नत्र पावसाने लगतच्या प्रवाळावर उतरतं. त्या बेटांजवळच्या प्रवाळावर माशांचं वजन जवळपास निम्म्याने जास्त होतं. म्हणजे उंदरांची मोहीम ही मासेमारीचीही मोहीम आहे.

पाल्मायरावर दोन गोष्टी घडल्या ज्या कुणी मागितल्या नव्हत्या. आशियाई वाघडास, म्हणजे आपल्याकडेही डेंगी पसरवणारा पट्टेरी डास, तिथून नाहीसा झाला. माणसं मोजकीच, रक्त प्यायला उंदीरच काय ते होते. दुसरी, स्थानिक झाडांची रोपं उसळून आली तशीच नारळाचीही आली, कारण नारळ कुरतडणारा उरला नाही. आता तिथे नारळ तोडायचं काम काढावं लागलं आहे.

---

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. शेवटचं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पाकोळ्यांच्या गुहा आहेत, सुरय घरटी करतात. आपल्या किनाऱ्यावरच्या अशा बेटांसाठी यातलं काय घेता येईल? आणि बाजारातली ब्रोमाडायोलोनची वडी नेऊन ठेवली तर?

---

खाजणवाट

वडी नेऊ नका. आधी तिथे उंदीर आहेत का, असतील तर कोणती जात, हेच माहीत नसताना विष टाकणं म्हणजे खेकड्यांना जेवण, आणि अर्धवट मात्रा खाऊन वाचलेले उंदीर पुढच्या वेळी आणखी अवघड. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे काही करायचंही नाही.

करण्यासारखं आहे ते पाहणीचं काम, आणि ते स्वस्त आहे. घरटी नसतील त्या काळात, खात्याच्या माणसांसोबत, दर २५ ते ५० मीटरवर एक चावपट्टी आणि एक ठशांचं खोकं, तीन-चार रात्री. चावपट्टी जमिनीपासून वीतभर उंच, खिळ्यावर किंवा दगडाच्या सांदीत बसवा, नाहीतर सकाळी फक्त खेकड्यांची नोंद मिळेल. शेंगदाण्याच्या लोण्याचे डाग दगडांवर सांडू नका, मुंग्या लागतात आणि पट्टी निकामी होते. एका खडकावरचं सामान दुसऱ्यावर न्यायच्या आधी धुवा, पिशव्या उलट्या करून झटका. उंदीर निघाले नाहीत तर काम तिथेच संपत नाही: होडीवाल्यांशी बोलून जाळ्यांचे ढीग आणि बर्फाची खोकी खडकावर उतरवणं थांबवायचं, कारण त्यांतूनच उंदीर येतात. निघाले तर जात ओळखून, बिनविषारी गोळ्या खेकड्यांपुढे किती रात्री टिकतात ते मोजायचं. त्या आकड्याशिवाय हेक्टरी किती किलो हा प्रश्न कुणाला विचारण्यात अर्थ नाही.